गायनाने श्वासाला शिस्त, फुप्फुसांना साथ

तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ आणि संत गोरोबाकाकांची समाधी असलेल्या तेरमधील भजन ही धाराशिव जिल्ह्याची ओळख आहे. संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी रात्र जागवतो, तेव्हा गळ्याइतकीच कसोटी दमसासाची लागते. हाच दमसास श्वसनविकाराच्या रुग्णांनाही उपयोगी पडू शकतो.

श्वास कसा पुरतो?

शांत बसलेली प्रौढ व्यक्ती एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेते. छाती व पोट यांमधील श्वासपटल खाली सरकले की हवा आत येते, सैल झाले की बाहेर पडते. गाताना श्वास चटकन घेऊन ओळ संपेपर्यंत पुरवावा लागतो. त्यासाठी श्वासपटल, बरगड्यांमधील आणि पोटाचे स्नायू मेळाने काम करतात. भजनात मुख्य गायकाची ओळ साथीदार उचलतात; तेवढ्यात त्याला दम घेता येतो.

रुग्णांना लाभ

धूम्रपान किंवा चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या 'सीओपीडी' या विकारात श्वासनलिका अरुंद होतात व हवा आत अडकते. धाप लागली की रुग्ण भराभर, उथळ श्वास घेतो आणि अडकलेली हवा आणखी वाढते. संथ, लांब उच्छ्वासाची सवय येथे उपयोगी ठरते. २०१७ मधील 'कॉक्रेन' आढाव्यात तीन अभ्यासांतील ११२ रुग्णांचा विचार झाला. शारीरिक स्वास्थ्यात सुधारणेची चिन्हे दिसली. मात्र पुरावा अपुरा ठरला. लंडनमध्ये 'इंग्लिश नॅशनल ऑपेरा'ने २०२० मध्ये कोविडोत्तर धापेच्या रुग्णांसाठी अंगाईगीतांवर आधारित उपक्रम सुरू केला. १५० रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मानसिक स्वास्थ्य सुधारले, धापेचा त्रासही काही अंशी कमी झाला.

ही काळजी घ्या

गायनाने निकामी झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. त्यामुळे इनहेलर वा औषधे परस्पर बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास आधी क्षयरोगाची तपासणी करावी. गाताना उडणाऱ्या तुषारांतून संसर्ग पसरू शकतो. रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ताठ बसून थोड्या वेळापासून सुरुवात करावी. चक्कर आल्यास वा धाप वाढल्यास लगेच थांबावे. सूर पक्का नसला तरी चालेल. श्वास मात्र ओढूनताणून घेऊ नये.