जयपूर बघायला गेलेले मराठे

जयपूरला जाऊन आलेल्या मराठी माणसाचे फोटो साधारण ठरलेले असतात. हवामहल, आमेर, जंतरमंतर, आणि पुढे जैसलमेरला उंटावर. त्रिपोलिया बाजाराजवळ एक सात मजली मनोरा आहे, तो मात्र कुणाच्या फोटोत आलाच तर कोपऱ्यात चुकून आलेला असतो. त्याचं नाव ईसरलाट. लोक सरगासूली म्हणतात. ज्याने तो बांधला त्या राजाची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. का, ते उघड आहे. त्यात आपण आहोत, आणि आपण काही हिरो नाही!

तर सुरुवात एका लग्नापासून. १७०८ मध्ये सवाई जयसिंगाने उदयपूरच्या राजकन्येशी लग्न केलं, तेव्हा अट मान्य केली की तिला मुलगा झाला तर धाकटा असला तरी गादी त्यालाच. हाच जयसिंग पुढे बाजीरावाचा स्नेही झाला. १७४१ मध्ये माळवा पेशव्यांना रीतसर मिळाला त्यातही त्याची मध्यस्थी होती. १७४३ मध्ये तो वारला. थोरला मुलगा ईश्वरीसिंग गादीवर बसला, आणि उदयपूरकरांनी धाकट्या माधोसिंगासाठी तो जुना करार बाहेर काढला.

इथे मराठे आले. शिंदे ईश्वरीसिंगाकडून, मल्हारराव होळकर माधोसिंगाकडून! सरकार एकच पुण्याचं, आणि भांडणाऱ्या दोन्ही भावांकडून पैशाची बोलणी चालू. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एकमेकांवर खटला भरलेले दोन क्लायंट एकाच कंपनीने घेतले तर निदान दोन टीममध्ये भिंत तरी घालतात. इथे भिंत वगैरे काही नाही, वर शिंदे-होळकर आपसातही धुमसत होते.

१७४७ मध्ये राजमहल इथे ईश्वरीसिंग जिंकला. १७४८ मध्ये बगरूला होळकर समोर आले तेव्हा हरला. काही परगणे भावाला आणि खंडणी मराठ्यांना कबूल करावी लागली. गंमत म्हणजे ईसरलाट बांधली गेली १७४९ मध्ये. राजमहलच्या विजयाचं स्मारक, बगरूच्या पराभवानंतर.

खंडणी काही भागेना. त्यात राजाने मोठी चूक केली. केशवदास खत्री या आपल्या जाणत्या दिवाणाला त्याने कान भरणाऱ्यांचं ऐकून विष देऊन मारलं. मल्हारराव आधीच वसुलीसाठी टपलेले, ते आणखी खवळले. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज जयपूरजवळ आली. हरगोविंद नाटाणी म्हणे राजाला सांगत होता, लाखाची फौज माझ्या खिशात आहे. वेळ आली तेव्हा म्हणाला, खिसा फाटला! ही दंतकथा असेलही, पण तिजोरी रिकामी होती आणि लढायला कुणी नव्हतं हे खरंच. ईश्वरीसिंगाने नाग मागवला आणि विष घेतलं. काही राण्याही त्याच्याबरोबर गेल्या.

माधोसिंग राजा झाला, तो मराठ्यांच्या जोरावर. आता जयाप्पा शिंदेही येऊन पोचले, आणि पैशाबरोबर मुलखातही वाटा मागितला गेला. ज्यांनी गादीवर बसवलं तेच उद्या उठवतील हे माधोसिंगाला कळायला वेळ लागला नाही. शहरातल्या लोकांना तर आधीच कळलं होतं. त्यांचा राजा कुणामुळे गेला हे त्यांनी पाहिलं होतं.

जानेवारी १७५१. जयपूर वसून जेमतेम २३-२४ वर्षं झालेली. सरळ रस्ते, एकसारख्या बाजारपेठा, नवीकोरी देवळं; असं शहर आपल्या लोकांनी कधी पाहिलंच नसेल. चारेक हजार मराठे निवांत शहर बघायला आणि खरेदीला आत गेले. म्हणजे आपण जातो तसेच! भर दुपारी अचानक दंगल उसळली, वेशी बंद झाल्या, आणि मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालू राहिली. तटावरून उड्या टाकताना कित्येकांचे पाय मोडले. जदुनाथ सरकार मेलेल्यांचा आकडा सुमारे तीन हजार देतात. साध्या लोकांनी केलेली ही कत्तल होती, कुठल्या लढाईत मेलेली माणसं नव्हेत. माधोसिंगाने कानांवर हात ठेवले, आणि मराठ्यांनी पैसे घेऊन दुआबाची वाट धरली. तिकडे सफदरजंगाने बोलावलं होतं, पठाणांविरुद्ध.

तीन हजार माणसांवर पडदा पडला तो असा, पैसे घेऊन. मला इथेच सगळ्यात जास्त अडखळायला होतं. सूड नाही म्हणून नव्हे. या शहराने असं का केलं हा प्रश्न पुण्यात कुणी मनावर घेतल्याचं पुढच्या वागण्यात दिसत नाही म्हणून. १७५५ मध्ये जोधपूरच्या भांडणात जयाप्पा नागौरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. आणि पानिपतावर राजपूत का आले नाहीत म्हणून आपण अजून हळहळतो! जयपूरच्या गादीवर तेव्हा माधोसिंगच होता.

रणथंभोरचे वाघ बघायला आपण ज्या स्टेशनवर उतरतो ते सवाई माधोपूर याच माधोसिंगाने १७६३ मध्ये वसवलं. गैटोरला जयपूरच्या राजांच्या छत्र्या आहेत, त्यात जयसिंगाची आहे, माधोसिंगाचीही आहे. ईश्वरीसिंगाची नाही. ती शहराच्या आत, गोविंददेवजींच्या देवळामागे तालकटोऱ्याजवळ, एकटीच आहे.