सहीने झालेली लूट

1938 साली जर्मनीत ज्यूंचे कारखाने आणि दुकानं काढून घेणारे हुकूम एकामागून एक निघाले. एप्रिलमध्ये, पाच हजार राइशमार्कांहून जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची नोंद सरकारकडे करावी असं फर्मान आलं. 3 डिसेंबरला तर ठरावीक मुदतीत धंदा विकायला लावण्याचा अधिकारच सरकारने घेतला. या सगळ्याला ‘आर्यीकरण’ म्हणत. रीत मात्र या हुकमांच्या आधीपासून चालू होती. ती कशी घडत गेली हे पाहायचं तर थुरिंगियाच्या जंगलातल्या झूल या बंदुका घडवणाऱ्यांच्या गावी जावं लागतं.

तिथे 1856 साली ल्योब आणि मोझेस झिमझोन या ज्यू भावांनी एका पोलाद-घणशाळेत हिस्सा घेतला. पुढे बंदुका आल्या, 1896 पासून सायकली, मग मोटारी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं आणि शस्त्रं कोणी बनवायची तेही बांधून दिलं. हलक्या मशीनगनचं काम एकट्या झिमझोनकडे आलं. हा मान पुढे त्यांच्या जिवावर उठला. ज्यू कुटुंब आणि सैन्याचा एकमेव पुरवठादार, हे नाझींना सहन होणं शक्य नव्हतं.

फ्रिट्झ झाउकेल हा 1927 पासून थुरिंगियातला नाझी पक्षप्रमुख. 1933 मध्ये प्रांताची सूत्रंही त्याच्या हाती आली. तरी कारखाना सरळ हिसकावणं सोपं नव्हतं, कारण सैन्याला बंदुका हव्या होत्या आणि एक दिवसही काम थांबायला नको होतं. म्हणून हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या. नाझींच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात सरकारनेच करार करून दिलेली कामं आता ‘सरकारची फसवणूक’ ठरली. झिमझोननी जादा नफा उकळला, असा आरोप ठेवला गेला. मालकांच्या डोक्यावर विश्वस्त बसवला. 1935 मध्ये आर्थर झिमझोनना अटक झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कुटुंबाने कारखाना मोबदल्याविना लिहून दिला. 1936 मध्ये ते स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेला निसटले.

लेखापरीक्षण, विश्वस्त, खटला, सही. यातलं एकही साधन नाझींनी शोधलेलं नव्हतं. प्रामाणिक व्यवहाराला आधार देण्यासाठीच जगभर ही साधनं वापरतात, आणि म्हणूनच हे प्रकरण मला दरोड्याहून भयंकर वाटतं. दरोडेखोराविरुद्ध निदान ओरडता तरी येतं. इथे चोरीची पावती लुटल्या गेलेल्याच्याच सहीने तयार झाली.

आता हा माल ठेवायचा कुठे? फेब्रुवारी 1936 मध्ये स्वित्झर्लंडमधला नाझी पुढारी विल्हेल्म गुस्टलॉफ याला डाव्होसमध्ये डाव्हिट फ्रांकफुर्टर या ज्यू विद्यार्थ्याने गोळ्या घालून मारलं. त्याच वर्षी गुस्टलॉफच्या नावाने एक न्यास उभा राहिला, झाउकेल त्याचा प्रमुख झाला आणि झिमझोनचा कारखाना त्या न्यासात गेला. न्यास म्हणजे लोकहिताचं काम, ही समजूत इथे कामी आली. प्रत्यक्षात पक्षाच्या हाती शस्त्रास्त्रांचा एक उद्योगसमूह आला.

यानंतर रीत प्रवासाला निघाली. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि ज्यू वंशाच्या फ्रिट्झ मांडलचा हिर्टेनबेर्ग इथला काडतुसांचा कारखाना याच न्यासात सामील झाला. वायमारजवळ, बुखेनवाल्ड छळछावणीला लागून, गुस्टलॉफ समूहाच्या कारखान्यात कैदी राबवले गेले. झाउकेल 1942 मध्ये साऱ्या जर्मन राइशच्या सक्तीच्या मजुरीचा अधिकारी झाला. लाखो माणसं त्याने युरोपभरातून ओढून आणली. 16 ऑक्टोबर 1946 ला न्यूरेंबर्गमध्ये तो फासावर गेला.

कारखाना मात्र कुटुंबाकडे परतला नाही. पूर्व जर्मनीत तो सरकारी झाला, आणि नाव तेवढं परत आलं: 1964 पासून निघालेली ‘श्वाल्बे’ ही छोटी दुचाकी ‘झिमझोन’ म्हणूनच घरोघरी पोचली. 2002 मध्ये उत्पादन थांबलं, तरी त्या गाड्यांवर लोकांचा जीव आहे. अलीकडे थुरिंगियातल्या अतिउजव्या पक्षाने प्रचारात त्या मिरवल्या, तेव्हा झिमझोन कुटुंबाच्या वारसाने त्याला जाहीर विरोध केला.