अजाईल, समाज आणि दस्ता

कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टांत मुंबई-पुण्याच्या कंपन्या शिबिरं भरवतात. फलकावर ‘लीडरशिप’ असतेच, हल्ली तिच्याआधी ‘अजाईल’ हे विशेषणही लागतं. कुंपणापलीकडे एखादी ठाकुरवाडी असते. या दोन तालुक्यांत त्या नावाच्या वाड्या बऱ्याच आहेत. मध्ययुगीन संस्कृतात ‘ठक्कुर’ म्हणजे देवमूर्ती, धनी किंवा मानाची पदवी. उत्तरेत ठाकूर म्हणजे जमीनदार, बंगालात ते रवींद्रनाथांच्या घराण्याचं आडनाव, आणि सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या आदिवासी जमातीचंही तेच नाव. शब्द मालकीचा असला म्हणून मालकी मिळतेच असं नाही, हे या एका नावावरून कळावं.

‘अजाईल’ला मराठीत पहिला प्रतिशब्द सुचतो तो चपळ. हा शब्द जरा जपून वापरावा असा आहे. संस्कृतातला ‘चपल’ स्थिर नसतो, त्याच्या शब्दाचा भरवसा नसतो. वीज चपला, लक्ष्मीही चपला. मराठीनं त्याच्या ‘प’नंतरच्या ‘ल’चा ‘ळ’ केला आणि दोषाचा गुण केला. चपळाईचं आपण कौतुक करतो, ‘चापल्य’ मात्र ‘जिव्हाचापल्या’त अजून दोष म्हणूनच उरलं आहे. दर तिमाहीला धोरण बदलणाऱ्या साहेबाला चपळ म्हणायचं की चपल, हे त्याच्या हाताखालच्यांना विचारावं.

‘अजाईल’चा मूळ शब्द लॅटिन ‘आगिलिस’, आणि तो आला ‘आगेरे’ या क्रियापदावरून. आगेरे म्हणजे हाकणं, चालतं करणं. एजंट आणि अजेंडा हे त्याच घरचे. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ आहे ‘अज्’ हा धातू. वेदांत त्याचा अर्थ हाकणं असाच आहे, आणि त्यापासून झालेल्या ‘अजिर’ या विशेषणाचा अर्थ शीघ्र, चपळ. म्हणजे अजाईलला हवा असलेला शब्द आपल्याकडे तीन हजार वर्षं पडून आहे, फक्त तो कोणी वापरत नाही.

याच धातूचा दुसरा शब्द मात्र आपण रोज वापरतो. सम् अधिक अज्, एकत्र हाकणं, यातून ‘समाज’ आला. पाणिनीनं इथे एक बारीक भेद नोंदवला आहे (३.३.६९). जनावरांचा कळप असेल तर ‘समज’, माणसांचा मेळा असेल तर ‘समाज’. धातू एक, फरक एका स्वराच्या लांबीचा. हाकणाऱ्यानं समोर कळप आहे की माणसं आहेत हे ओळखावं, एवढी जाण त्या सूत्रात मावली आहे.

नेतृत्वाचे आपले नेहमीचे शब्द मात्र दुसऱ्या दिशेचे. ‘नी’ म्हणजे नेणं. त्यातून नेता, नायक, नाईक आले, नीती आली. पुढारी पुढे असतो आणि म्होरक्या म्होरं. सगळे वाट दाखवणारे, सगळ्यांची पाठ मागच्यांकडे. लॅटिनमध्येही हा भेद होता. ‘दूकेरे’ म्हणजे पुढे राहून नेणं, ‘आगेरे’ म्हणजे मागे राहून हाकणं. तेव्हा ‘अजाईल लीडर’ या जोडशब्दाची दोन तोंडं दोन दिशांना आहेत. कर्जतकरांना यात नवल वाटू नये. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती बोरघाट चढवतात. वाटेत ठाकुरवाडी नावाची केबिनही लागते. गाडीचं नाव पुढच्या इंजिनाशी जोडलेलं असलं, तरी चढाचा भार मागच्यांवरही असतो.

‘अजाईल’चा आजचा अर्थ रूढ झाला तो फेब्रुवारी २००१ मध्ये. अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअरवाले १७ जण जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा लिहिला. त्यात भर होता तो आपली घडी आपणच बसवणाऱ्या गटांवर. ‘लीडर’ हा शब्द त्याला पुढे चिकटला. विशेषण गटाचं होतं, ते उचलून साहेबाच्या अंगावर घातलं.

तसा गट कर्जतच्या डोंगरात ५९ वर्षं आधी उभा राहिला होता. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी भूमिगत ‘आझाद दस्ता’ उभारला. टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज मुंबईला नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडणं हे त्यांचं मुख्य काम. कोतवाल हा शब्दही मूळचा ‘कोट्टपाल’, कोटाचा रक्षक, पुढे शहराचा पोलीस अंमलदार. इथे कोतवालच फरारी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. कोट सांभाळणारं एक आडनाव, गाव सांभाळणारं दुसरं, आणि दोघांच्या पाठीशी ना कोट होता ना गावची वतनदारी.

दस्त्याला दस्ता का म्हणतात? फारसी ‘दस्त’ म्हणजे हात. जुन्या इराणीतला ‘दस्त’ आणि संस्कृतातला ‘हस्त’ एकाच पोटचे. हातात मावेल ते ‘दस्ता’: हत्याराची मूठ, फुलांचा गुच्छ, कागदाचे २४ ताव, आणि तसंच हातावर मोजता येतील अशा माणसांचं पथक. मोठ्या फौजेला दस्ता म्हणत नाहीत. प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो, अंधारातही कोणी काय करायचं हे ठरलेलं असतं, असा तो आकार.

याच दस्तापासून आणखी एक शब्द मराठीत आला आणि कचेऱ्यांत चांगलाच मुरला. ‘जबर’ म्हणजे वरचा. ज्याचा हात वर तो जबरदस्त, आणि तो हात जे करवून घेतो ती जबरदस्ती. शिबिरात चपळ नेते घडवणाऱ्यांनी निवड करायची आहे ती ‘दस्ता’ आणि ‘जबरदस्ती’ या दोन शब्दांत. इतरांच्या हातांवर आपला हात ठेवणारा माणूस कितीही वेगानं पळाला तरी त्याच्यामागे दस्ता उभा राहत नाही. त्याला मिळतो तो पाणिनीचा ऱ्हस्व ‘समज’.