सैनिक कुटुंबातील बालसंगोपन व त्याचा खर्च : लासलगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

आपल्याकडील लष्करी इतिहासलेखन प्रामुख्याने लढाया, पलटणी आणि पराक्रम यांभोवती फिरत आले आहे. जवान सीमेवर असताना घरी त्याचे दोन-तीन वर्षांचे मूल कोण सांभाळत होते आणि त्या संगोपनाचा भार कोणी सोसला, हा प्रश्न मात्र त्या लेखनात क्वचितच येतो. निफाड तालुक्यातील लासलगाव हे बाजार समितीच्या (स्थापना १९४७) कांद्यामुळे देशभर परिचित आहे. त्याच लोहमार्गावर नाशिकच्या पुढे देवळालीची छावणी आहे. शेती आणि फौज या दोन जगांमधील अंतर येथे रेल्वेच्या काही तासांचे आहे. त्यामुळे उपरोक्त प्रश्न तपासण्यास हा परिसर उचित ठरतो.

वसाहतकालीन धोरण :

ब्रिटिश राजवटीत गोऱ्या सैनिकाचे मूल ही सरकारी चिंतेची बाब होती. बराकीतील रोगट वातावरणापासून या मुलांना दूर ठेवावे म्हणून हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ मध्ये सनावर येथे निवासी आश्रम सुरू केला. तेथे मुलग्यांबरोबर मुलीही होत्या. हिंदी शिपायाच्या बाबतीत असा विचार झाला नाही. पलटणीच्या वस्तीत कुटुंब ठेवण्याची मुभा मोजक्यांनाच असे. बाकीच्यांची बायका-मुले गावी राहत. शिपायाचे वेतन ठरविताना त्याचे मूल गावाकडे एकत्र कुटुंबात वाढेल, हे जणू गृहीतच धरलेले होते. म्हणजे सैन्याच्या खर्चाचा एक हिस्सा खेड्यातील आजी, काकू आणि थोरली बहीण यांच्या बिनमोल श्रमांवर टाकला गेला. हा हिस्सा कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदलेला आढळत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदी सैनिकांच्या मुलांसाठी किंग जॉर्ज यांच्या नावाच्या लष्करी शाळा निघाल्या. १९४५ मध्ये बेळगावलाही अशी शाळा सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ साली साताऱ्यास देशातील पहिली सैनिकी शाळा स्थापन झाली. या संस्थांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा हेतू भावी सैनिक व अधिकारी घडविण्याचा होता. लहानग्यांचे संगोपन हा त्यांचा विषय नव्हता. शिवाय त्या दीर्घकाळ मुलग्यांपुरत्याच राहिल्या. सैनिकी शाळांची दारे सर्वत्र मुलींना उघडली ती २०२१-२२ मध्ये. (नाशिककर वाचकास येथे १९३७ ची भोसला सैनिकी शाळा आठवेल; परंतु ती सैनिकांच्या अपत्यांची सोय म्हणून निघालेली नव्हती.)

छावणी आणि गाव :

बदलीच्या नोकरीमुळे मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये, या विचारातून १९६३ मध्ये केंद्रीय शाळांची योजना आली आणि पलटणींच्या काही शाळा तिच्यात सामावल्या. १९६६ मध्ये सैनिकपत्नींची कल्याणकारी संघटना, म्हणजेच 'आवा', अस्तित्वात आली. पुढे अनेक छावण्यांत बालवाड्या व पाळणाघरे दिसू लागली. पण या सोयींचा लाभ छावणीत राहणाऱ्या कुटुंबासच मिळतो. जवानाची नेमणूक 'फिल्ड'मध्ये झाली की कुटुंबाला बहुधा गावी परतावे लागते आणि सोय तेथेच संपते.

गावी परतलेल्या सैनिकपत्नीपुढे कोणते पर्याय असतात? ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे घडविलेली अंगणवाडीची कल्पना २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे देशभर गेली. पोषण आहार, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण यांची व्यवस्था झाली. परंतु अंगणवाडी काही तासच चालते, आणि कांद्याची लागवड किंवा काढणी दिवसभर चालते. अशा वेळी मूल बांधावरच्या झोळीत किंवा सासूच्या ओटीत असते. ज्या घरात सासू थकलेली वा हयात नाही, तेथे रोजंदारी सोडावी लागते. बुडालेली ती मजुरी हाच संगोपनाचा खरा खर्च होय, मग पैसे कोणाच्या हाती मोजून दिलेले नसोत.

खर्चाचा भार :

शासकीय मदत मुख्यत्वे शालेय वयापासून सुरू होते. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून दोन अपत्यांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये शिक्षण भत्ता आणि वसतिगृहासाठी ६,७५० रुपये अनुदान ठरले. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर २०२४ मध्ये त्यांत पाव हिश्शाने वाढ झाली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या अखत्यारीतील वसतिगृहेही विद्यार्थ्यांसाठीच आहेत. दीड वर्षाच्या मुलाच्या पाळणाघराची फी या भत्त्यात बसत नाही. अमेरिकेत १९८९ च्या कायद्याने लष्करी पाळणाघरांची फी कुटुंबाच्या उत्पन्नाशी जोडली आणि उरलेला भार शासनाने उचलला. तेथील सैन्यात मातांची संख्या वाढल्याने हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आपल्याकडेही ती वेळ आली आहे. १९९२ पासून स्त्रिया अधिकारी म्हणून सैन्याच्या वैद्यकेतर शाखांत येऊ लागल्या. २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. अधिकारी स्त्रियांना मिळणारी १८० दिवसांची प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवाकाळात ३६० दिवसांची बालसंगोपन रजा नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने महिला जवानांनाही लागू झाली. या रजेचा विचार मुख्यत्वे सेवेतील आईभोवतीच फिरतो. पती जवान असेल आणि पत्नी लासलगावच्या शिवारात रोजाने जात असेल, तर तिच्या वाट्याला ना रजा येते ना भत्ता. वसाहतकाळात गृहीत धरलेली गावाकडची आजी अद्याप तेथेच, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आहे.