नगराआधीचे उपनगर : भिंगार

'उपनगर' या शब्दातच एक क्रम गृहीत धरलेला असतो. आधी नगर, मग उपनगर. मुख्य वस्ती आधीची, मोठी, महत्त्वाची, आणि उपनगर म्हणजे तिच्या कडेने पुढे कधीतरी वाढलेला भाग. मुंबई-पुण्याच्या संदर्भात आपण हा शब्द इतका सरावाने वापरतो की या क्रमाविषयी शंका घेण्याची वेळ येत नाही. परंतु दख्खनमध्ये काही वस्त्या अशा आहेत की त्यांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा आहे. भिंगार ही त्यांतली एक. अहमदनगर शहराच्या पूर्वेला, भुईकोट किल्ल्याच्या पलीकडे असलेल्या या गावाची ओळख आज 'नगरजवळचे भिंगार' अशी करून दिली जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मात्र नव्या शहराची जागा सांगायची झाली, तर ती 'भिंगारजवळ' अशीच सांगावी लागत होती. शहर गावाच्या शेजाराला आले. गाव शहराच्या शेजाराला गेले नाही.

हा केवळ शब्दच्छल नाही. 'जवळ' हे अव्यय कोणत्या नामाला लागते, यावरून इतिहास कोणाचा लिहिला जाणार हे बरेचसे ठरते, असे मला वाटते.

शहराच्या जन्माची कथा सर्वपरिचित आहे. बहमनी सत्ता खिळखिळी होत असताना जुन्नरहून कारभार पाहणाऱ्या मलिक अहमदने आपल्यावर चालून आलेल्या जहांगीरखानाच्या फौजेचा २८ मे १४९० रोजी पराभव केला. विजयाच्या त्या जागी त्याने बाग आणि महाल उभारला. हीच 'बागे निजाम'. दौलताबाद हाती यावे ही त्याची महत्त्वाकांक्षा होती, आणि जुन्नर व दौलताबाद यांच्या मध्यावर असलेली ही जागा त्यासाठी सोयीची होती. १४९४ मध्ये सीना नदीच्या डाव्या काठी त्याने शहर वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. पुढे हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९ ते १५६२ या वर्षांत, बागे निजामच्या जागेवरचा मूळचा मातीचा कोट जाऊन आजचा दगडी किल्ला उभा राहिला. किल्ला, त्याच्या एका अंगाला नवे शहर आणि दुसऱ्या अंगाला जुने गाव, ही रचना तेव्हापासूनची आहे. साडेचार शतकांत तिच्यात मूलभूत फरक पडलेला नाही.

या शहराला इतिहासकारही लवकर लाभले. फिरिश्ता १५८९ मध्ये विजापूरला जाण्यापूर्वी इथे निजामशाहीच्या सेवेत होता. दुसऱ्या बुऱ्हाणशहाच्या आश्रयाने सय्यद अली तबातबाने 'बुऱ्हाने मआसिर' लिहिला. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईवर हसन शौकीने दख्खनीत 'फतेहनामा-ए-निजामशाही' रचला. म्हणजे फारसी गद्य आणि दख्खनी काव्य या दोहोंत हे शहर पहिल्या शतकातच अवतरले. परंतु दरबारी इतिहास हा दरबाराचाच असतो. त्यात लढाया, तह, विवाह, विषप्रयोग आणि इमारती येतात. राजधानीला लागणारे धान्य, वैरण, पाणी आणि हात कोठून येत होते, हा त्या इतिहासकारांचा विषयच नव्हता.

आणि तरी भिंगारच्या परिसरात त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर लिहिलेले दिसते. निजामशाहीने नगरला पाणी आणले ते भोवतालच्या गावांतून. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा ठिकाणांहून जमिनीखालून काढलेल्या खापरी नळांनी महाल, हौद आणि मशिदी भरल्या. भिंगारलगतचा फराहबाग, भोवती तलाव असलेला तो भव्य महाल, १५८३ च्या सुमारास पुरा झाला; त्याच्या कारंज्यांनाही असेच दुरून आणलेले पाणी लागत असे. किल्ल्याच्या पूर्वेची १५६७ ची दमडी मशीद तिच्या नाजूक कोरीवकामासाठी अभ्यासकांना ठाऊक आहे. पण तिच्या नावाची कथा अधिक बोलकी आहे. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी दमडी दमडी बाजूला काढून ती बांधली, असे लोक सांगतात. ही कथा पुराव्याच्या कसोटीवर कितपत उतरते हा वेगळा प्रश्न. राजधानी बांधणाऱ्या हातांची आठवण ठेवण्याची गरज लोकांना वाटली आणि ती त्यांनी एका नावात ठेवली, हे महत्त्वाचे.

निजामशाही गेली, तरी भिंगारचा शेजार सुटला नाही. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये वाचवलेला किल्ला १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडला. १६२४ मध्ये याच टापूतील भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. १७०६ च्या आरंभी औरंगजेब थकलेल्या फौजेसह नगरला परतला, आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारजवळच्या छावणीतच त्याचा अंत झाला. देह खुलताबादला नेण्यात आला. इथे उरली ती 'आलमगीर' नावाने ओळखली जाणारी जागा. आपल्या इतिहासलेखनात या मृत्यूचे अर्थ दिल्लीच्या दिशेने उलगडतात: आझमशहाने स्वतःला बादशहा जाहीर करणे, उत्तरेकडची कूच, वाटेत शाहूंची सुटका, आणि त्यातून मराठी राज्यात सुरू झालेला वारसाकलह. हे सारे खरेच आहे. पण वर्षभराहून अधिक काळ एका साम्राज्याची छावणी ज्या गावाच्या शिवारात पडून होती, त्या गावाच्या विहिरी आणि पिके यांच्या बाजूने हाच प्रसंग पाहिला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. सम्राटाचा मृत्यू ही तिथे कदाचित मुक्कामाची अखेर म्हणूनच ध्यानात राहिली असेल.

१७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, पुढे दौलतराव शिंद्यांकडे गेला, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने आधी शहर आणि मग चार दिवसांत किल्ला घेतला. पेशवाई अखेरीस आल्यावर कंपनीच्या फौजेने कायमचा तळ टाकला आणि गावाच्या शेजारी 'कॅम्प' उभा राहिला. इथे भिंगारच्या इतिहासाला दुसरे वळण लागते. पूर्वी छावण्या येत आणि उठून जात. ही छावणी उठली नाही. पलटणींना पुरवठा करणारा सदर बाजार वाढला. शिंपी, मोची, खाटीक, दूधवाले, धोबी, खानसामे यांची उपजीविका पलटणीच्या येण्याजाण्याशी बांधली गेली. एकोणिसाव्या शतकात नगरप्रमाणेच भिंगारलाही हातमागावर लुगडी विणली जात. म्हणजे शेती, माग आणि छावणी अशा तीन पायांवर ही वस्ती उभी होती. 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थच छावणी असा आहे, हे आपण भाषाविज्ञानाच्या वर्गात सांगतो. छावणीच्या बाजारात मराठी, दख्खनी, हिंदुस्थानी आणि इंग्रजी एकमेकींवर कशा घासल्या जातात, याचा नमुना पाहायला मात्र भिंगारसारख्या पेठेतच जावे लागेल.

या छावणीतून आणि किल्ल्यातून जगभरची माणसे येऊन गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना इथे स्थानबद्ध केले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पकडलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर याच्या बंदिवासाचा एक टप्पाही नगर हाच होता. इंग्रजी विनोदी लेखक स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये एका लष्करी कुटुंबात नगरला जन्मला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरूंनी १९४४ मध्ये तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर'मधील पत्रे लिहिली. भारतीय गद्यातील दोन श्रेष्ठ ग्रंथ भिंगारपासून हाकेच्या अंतरावर लिहिले गेले, आणि ते लिहिणाऱ्यांना त्या गावात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. नेहरू तटाच्या आत बसून भारताचा शोध घेत होते. तटाबाहेरच्या या जुन्या वस्तीचा शोध घेणे त्यांना शक्यच नव्हते. यात दोष कोणाचाही नाही. एवढेच म्हणायचे की या परिसरावरचे बहुतेक नामवंत लेखन तटाच्या आतून, दरबारातून किंवा तंबूतून झालेले आहे. उंबरठ्यावरून झालेले फार थोडे.

उंबरठ्यावरून लिहिणे म्हणजे काय, याचा धडा नगरनेच मराठीला दिला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये नगर येते ते घर, शेजार, स्वयंपाक, पाहुणे, रुसवेफुगवे यांतून. त्यात एका धर्मांतराचा आणि एका मिशनचा इतिहास आहे. पण तो इतिहास माणसे कोठे राहतात आणि कोणाच्या दारात जातात, यावरून कळत जातो. कॅम्पबेलच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये नगरच्या वाट्याला अनेक पाने येतात आणि भिंगारच्या वाट्याला थोडक्या ओळी. लक्ष्मीबाईंची पद्धत वापरली तर हे प्रमाण आपोआप बदलेल.

भिंगारमध्ये राहणे म्हणजे आजही दोन शेजाऱ्यांच्या मध्ये राहणे होय. एकीकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेतीन लाखांवर गेलेले शहर, २००३ पासून महानगरपालिका असलेले. दुसरीकडे लष्कर : १९४८ पासूनचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र, रणगाड्यांचे संग्रहालय, वाहन संशोधन संस्था. गावाचा कारभार छावणी मंडळाकडे. १९२४ आणि त्यानंतर २००६ च्या छावणी कायद्यानुसार या मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. नागरिकांनी निवडून दिलेल्या सभासदांतून उपाध्यक्ष होतो. माळा चढवायचा, पडवी वाढवायची तर परवानगीचा प्रश्न शहरापेक्षा अवघड. याचे दोन परिणाम झाले. शेजारचे शहर उंच होत असताना छावणीच्या हद्दीत झाडी, मोकळी जमीन आणि बैठी घरे टिकली. त्याच वेळी वाढत्या कुटुंबांची कुचंबणा झाली आणि अनेक जुनी घरे दुरुस्तीवाचून खचली. ज्याला बाहेरचा पाहुणा 'जतन झालेला वारसा' म्हणतो, त्याला आतला रहिवासी 'अडकलेले घर' म्हणतो. वारशाविषयी बोलताना आपण पहिलाच शब्द वापरतो. दुसऱ्यालाही तेवढाच आधार आहे.

आता तिसरे वळण समोर आहे. छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या स्थानिक संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल या छावणीपासून त्याची सुरुवात झाली. त्याच महिन्यात देशातील ५७ छावणी मंडळांच्या निवडणुका व्हायच्या होत्या, त्या आधीच रद्द करण्यात आल्या. विलीनीकरणाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे : घरबांधणीचे सोपे नियम, राज्याच्या योजनांचा लाभ, पूर्णपणे निवडून आलेला कारभार. या मागण्या रास्त आहेत, आणि केवळ जुनेपणाच्या प्रेमापोटी त्यांना विरोध करणे हा दुसऱ्याच्या घरात राहून केलेला रसिकपणा ठरेल. परंतु पाच शतके शहराच्या शेजारी वेगळे गाव म्हणून टिकलेली वस्ती कागदावर एक प्रभाग होईल, तेव्हा तिच्यासोबत काय काय हरवू शकते याची नोंद आधी व्हायला हवी.

नावांचाच विचार करा. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. या जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे ते स्मरण आहे. संस्थापकाचे नाव शहराला मिळते, आणि म्हणूनच ते बदलताही येते. भिंगारला कोणी संस्थापक नाही. निजामशाही, मोगल, पेशवे, शिंदे, कंपनी यांपैकी कोणालाही हे नाव बदलावेसे वाटले नाही, कारण ते कोणाच्याच विजयाचे चिन्ह नव्हते. सामान्यपणाने दिलेले हे अभय आहे. प्रभागक्रमांक मात्र कोणाशीही वैर नसताना नाव पुसू शकतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे करण्यासारखे काम आहे. भिंगारपलीकडच्या डोंगरावर दुसऱ्या सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे, आणि सारा मुलूख तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. इतिहासाचे अभ्यासक ही चूक दाखवतात आणि पुढे जातात. साहित्याच्या अभ्यासकाने तिथे थांबावे. वजिराची कबर लोकांनी राणीला का दिली, दमडीची कथा कोणी कोणाला सांगितली, सदर बाजारातल्या वृद्धांच्या बोलीत पलटणींची कोणती नावे आणि कोणते शब्द उरले आहेत, हे विचारणारे कोणी आज भिंगारच्या दारात गेले पाहिजे. दरबाराचा इतिहास फिरिश्त्याने लिहिला, बंदिवासाचा नेहरू-आझादांनी. शेजाराचा इतिहास शेजाऱ्यांनाच लिहावा लागतो, आणि तो सांगणारी माणसे अजून त्या बैठ्या घरांत राहत आहेत.