यकृताची षष्ठी

भिवंडीच्या बाजारांत मटणाच्या दुकानीं ‘कलेजी’ मागावी लागते. तोच अवयव दवाखान्यांत ‘लिव्हर’ होतो आणि शाळेच्या पुस्तकांत ‘यकृत’. यंत्रमागांच्या या शहरीं उत्तरेकडील विणकर कित्येक पिढ्या राहत असल्यानें मराठी व उर्दू येथें शेजारीं नांदतात. उर्दूची ‘कलेजी’ आणि आपलें ‘काळीज’ हीं भावंडें होत. दोहोंचें मूळ संस्कृत ‘कालेय’, म्हणजे यकृतच. मराठींत मात्र काळीज बहुधा हृदयाच्या जागीं जाऊन बसलें, आणि ‘यकृत’ पंडितांपाशीं राहिलें.

हा शब्द संस्कृतांत चालवूं लागलें कीं विद्यार्थी अडखळतो. प्रथमा ‘यकृत्’, पण षष्ठी विकल्पानें ‘यक्नः’! ऋकार जाऊन नकार कोठून आला? पाणिनीनें सहाव्या अध्यायांत ‘यकन्’ असा आदेश सांगून व्यवस्था लाविली. त्याचा इतिहास सांगणें हें त्याचें काम नव्हे.

इतिहास उलगडतो तो लॅटिन भाषेंत. तेथें यकृतास ‘येकुर्’ म्हणत. तोही शब्द नपुंसकलिंगी, आणि त्याची एक षष्ठी ‘येकिनोरिस्’. म्हणजे प्रथमेस र आणि षष्ठींत न, हीच अदलाबदल. शेवटचा र प्रथमेच्या अनुकरणानें मागाहून चिकटलेला. शब्द उसना घेतां येतो. त्याची वांकडी विभक्ति सहसा कोणी उसनी घेत नाहीं. तेव्हां हा पूर्वज भाषेचा वारसा होय. संस्कृत ही लॅटिनची आई, असें आपण अभिमानानें म्हणतों. यकृताची साक्ष अशी कीं त्या बहिणी आहेत. १९१५ सालीं ह्रॉझ्नी यानें हित्ताइट भाषा उलगडली, तेव्हां तींतही पाण्याचा शब्द प्रथमेंत ‘वातर्’ आणि षष्ठींत ‘वितेनस्’ असा निघाला.

पुढें ‘येकुर्’ही लोकांच्या तोंडून गेला. अंजीर चारून पोसलेल्या पशुपक्ष्यांच्या यकृतास रोमन लोक ‘फिकातुम्’, म्हणजे अंजिरी, म्हणूं लागले. त्या विशेषणानेंच मूळ नामास घराबाहेर काढलें. आजचें इटालियन ‘फेगातो’ व फ्रेंच ‘फ्वा’ हे शब्द त्यांतूनच आले.

बाजार शब्द बदलतो. जुनें रूप टिकतें तें अपवादांत. म्हणून ‘यक्नः’ परीक्षेस येत नाहीं, या सबबीवर मुलांस तें गाळावयास सांगूं नये, एवढीच शिक्षकांस व पालकांस विनंति आहे.