कंबरदुखी आणि सुईची साक्ष

कंबर दुखते हे रोगी सांगतो. नेमके कोठे दुखते, हे मात्र त्यालाही उमगत नाही. बोस्टनचे डॉ. गोल्डथ्वेट यांनी १९११ साली मणक्यांच्या मागील बाजूच्या लहान सांध्यांवर संशय घेतला. १९३३ साली डॉ. घॉर्म्ली यांनी या विकाराचे नामकरण केले. परंतु पुढच्याच वर्षी डॉ. मिक्स्टर व डॉ. बार यांनी मणक्यांमधील फुटलेल्या चकतीकडे बोट दाखविले आणि सांधे विस्मृतीत गेले.

१९७६ साली डॉ. मूनी व डॉ. रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या सांध्यांत तीव्र खारे पाणी घातले. तत्काळ कळ उठून पायाकडे गेली. बधिर करणाऱ्या औषधाने ती शमली. सांध्यानेच जणू साक्ष दिली.

उपचार म्हणून मात्र इंजेक्शनाचा लौकिक टिकला नाही. १९९१ साली कॅनडात ९७ रोग्यांपैकी निम्म्यांना स्टेरॉइड व इतरांना केवळ लवणजल दिले गेले; तीन महिन्यांनंतरही दोहोंत विशेष अंतर पडले नाही. शिवाय एका सुईची साक्ष पुष्कळदा फसवी ठरते, असेही आढळले. म्हणून सांध्याचा मज्जातंतू जाळण्यापूर्वी तो दोनदा बधिर करून पाहण्याची रीत पडली. निदान चुकले, तर निर्दोष तंतू जळतो आणि दुखणे तसेच राहते.